एकोणतीस पावलं

प्रभावतीने वाळूचं घड्याळ उलटं करून पाटासमोर ठेवलं, मांडी घातली, डोळे मिटले, आणि स्वयंपाकघरात भूपालअण्णांचा फोन वाजला.

ती हलली नाही. जैनांच्या रोजच्या ध्यानाला, सामायिकाला, बसलं की वाळू संपेपर्यंत, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, जागा सोडायची नाही, बोलायचं नाही, कुठल्या यंत्राला हात लावायचा नाही, असा तिचा नेम होता. मांडीवरचे हात मात्र एकमेकांत घट्ट झाले. फोन पाच वेळा किणकिणला आणि आपला आपण थांबला. कुणी फोन केला की होणारा हा आवाज नव्हता. फोन कुठं राहिलाय ते सापडावं म्हणून मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबलं, की तो असा वाजत असे.

तिच्या नवऱ्याला, भूपालअण्णांना, जाऊन साडेचार महिने झाले होते. ते घड्याळ त्यांच्या जाण्याच्या गडबडीत कुठं गेलं, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"आई, बाबांचा फोन..." बँकेतून नुकतीच आलेली सून, ऐश्वर्या, दारात येऊन म्हणाली आणि पाट बघून गप्प झाली. खांद्यावरची पर्स तशीच धरून ती थोडा वेळ उभी राहिली. मग पाय न वाजवता आत गेली.

वाळूचा शेवटचा कण पडला तेव्हा बाहेर अंधारत आलं होतं. प्रभावती गुडघ्यावर हात देऊन उठली, स्वयंपाकघरात गेली आणि फडताळातला फोन हातात घेतला. पडद्यावर ओळ होती : तुमचं घड्याळ फोन शोधत होतं. सहा वाजून चौदा मिनिटं. त्याखाली दिवसभराचा हिशेब. चाललेली पावलं, सहा हजार दोनशे. हृदयाचे ठोके, सरासरी एकाहत्तर.

तिने भिंतीवरच्या कॅलेंडरला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल घेतली आणि त्या दिवसाच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं, ७१. आधीच्या चौकटीत ७० होतं, त्याच्या आधी ७३. एक जानेवारीपासून एकही चौकट रिकामी नव्हती.

हे घड्याळ ऋषभने, तिच्या मुलाने, बाबांच्या साठीला आणलं होतं. भूपालअण्णांनी पहिले दोन दिवस त्याची थट्टा केली. तिसऱ्या दिवशी त्यांनीच प्रभावतीला जवळ बसवून ते समजावून सांगितलं. कुठलीही नवी वस्तू घरात आली की तिला ती समजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"हे बघ, फोन म्हणजे घरातली म्हातारी. एका जागी बसते, पण सगळं लक्षात ठेवते. आणि घड्याळ म्हणजे घरचं लहान पोर. दिवसभर आपल्याबरोबर हुंदडायचं, आणि घरी आलं की म्हातारीला सगळं सांगायचं."

"आणि घरी आलंच नाही तर?"

"तर म्हातारीला काय कळणार? लांबून ऐकू येत नाही तिला."

किती लांबून, तेही त्यांनी मोजून दाखवलं. तिला फोनजवळ उभं केलं आणि स्वतः मोठ्याने पावलं मोजत जिना उतरले. खाली त्यांचं पंपांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. घराचा जिना बोळात उतरायचा आणि दुकानाचं शटरही बोळातच. शटरच्या पायरीवर उभं राहून त्यांनी बटण दाबलं, आणि वर तिच्या हातात फोन वाजला.

"एकोणतीस!" खालून आवाज आला. "बोळाच्या तोंडाशी गेलं की बहिरी!"

त्या दिवसापासून दोघांचा एक रिवाजच पडला. शाहूपुरीतली बाकीची दुकानं रात्री नऊपर्यंत उघडी असत. भूपालअण्णांचं दुकान सूर्य बघून बंद होई, कारण दिवस मावळल्यावर या घरात कुणी जेवत नसे. मावळायला अर्धा तास राहिला की ते दुकानातल्या तसबिरीला उदबत्ती लावत, घड्याळाचं बटण एकदा दाबत आणि हमाल आकारामला म्हणत, "ओढ शटर." वर फोन किणकिणला की प्रभावती तवा ठेवी. ते हातपाय धुऊन पाटावर बसत तेव्हा भाकरी फुगलेली असे. फोन वर, घड्याळ खाली. चार वर्षं एकही हाक चुकली नव्हती.

ते गेल्यावर तिने संध्याकाळचं जेवण सोडलं. त्या वेळेला हाताला काम उरलं नाही, म्हणून ती सामायिकाला बसू लागली.

डिसेंबरच्या मध्याला फोन पहिल्यांदा वाजला, तेव्हा तिला भास वाटला. दुसऱ्या दिवशी वाजला. तिसऱ्या दिवशी वाजला तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की खिडकीतून उदबत्तीचा वास येतोय. दुकानातल्या उदबत्तीचा. घरातली चंदनाची होती. दुकानात अण्णा स्वस्तातली, उग्र गुलाबाची लावत, आणि त्यावरून ती त्यांना टोचायची. दुकान तर दिवाळीनंतर बंदच होतं. दिवस मोठा होत गेला तशी फोनची वेळही पुढं सरकत गेली. डिसेंबरात साडेपाच, फेब्रुवारीत सहा, आणि आता मार्चअखेर सव्वासहा. सूर्य बघून.

तिने ऋषभला विचारलं होतं.

"दवाखान्यात काढून माझ्या हातात दिलं होतं आई. मी कुठंतरी ठेवलं. त्या दिवसाचं मला खरंच काही आठवत नाही." मग थोडं थांबून तो म्हणाला, "आजूबाजूला कुणाकडं तरी तसलंच असेल, त्याचं लागत असेल याला. फोन बंद करून टाकू या का? सिमचे उगाच पैसे जातात."

"राहू दे."

"अगं पण..."

"राहू दे म्हटलं ना. मला फोटो बघायचे असतात."

घड्याळाचा चार्जर मात्र घरातच होता. फडताळाच्या खणात, अण्णांनी वेटोळं करून रबर लावून ठेवला होता तसाच.

खाली उतरून बघायला तिला कुणी अडवलं नव्हतं. एकदा तिने नेम बाजूला ठेवून खिडकीत उभं राहायचं ठरवलं. पण दुकानाच्या पायरीवर पत्रा आहे, वरून पायरी दिसत नाही. पत्र्याच्या कडेने धुराची एक रेघ वर आली आणि मागे फोन वाजला. जिना उतरायला अर्धं मिनिट लागलं असतं. ती खिडकी लावून आत आली. खाली कुणी असेल, तर ते एकाहत्तर ठोके त्याचे होतील. कुणी नसेल तर काय, याचा विचार ती करत नसे.

आणखी एक गोष्ट होती, ती तिने कुणालाच सांगितली नव्हती.

नोव्हेंबरच्या त्या संध्याकाळी फोन एकदा नाही, तीनदा वाजला होता. पहिल्यांदा वाजला तेव्हा तिने तवा ठेवला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा ती पीठ मळता मळता हसली होती. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मोठ्याने म्हणाली होती, "या की वर, भाकरी काय पळून चाललीय?" दोन भाकऱ्या झाल्या. दोन्ही गार झाल्या. मग खालून आकारामची हाक आली. तो उचगावला पंपाचा माल पोचवायला गेला होता, परत आला तेव्हा अण्णा पायरीवर शटरला टेकून बसलेले होते. सगळे म्हणाले, कुणाला काही कळलंच नाही, हाक मारायलासुद्धा वेळ मिळाला नाही. ती मान हलवत राहिली.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आकडे बिघडले. एकाहत्तरचे एकोणपन्नास झाले. दुसऱ्या दिवशी एकशे अठरा. तिसऱ्या दिवशी आकड्याखाली तांबड्या अक्षरात ओळ आली : ठोके अनियमित आहेत. डॉक्टरांना भेटा.

ही ओळ तिने आधी वाचली होती, ऑक्टोबरात. तेव्हा अण्णा म्हणाले होते, "पंप कधीकधी हवा धरतो, तसं असतं हे. यंत्राला काय कळतंय?" आणि तिनेही विषय वाढवला नव्हता.

"डॉक्टरांना भेटा," ती पुटपुटली. कुणी भेटायचं?

"काय म्हणालात आई?" ऐश्वर्याने विचारलं.

"काही नाही."

सलग चार दिवस ती ओळ येत राहिली. कॅलेंडरवर लिहिताना पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. पाचव्या दिवशी, सोमवारी, तिने वाळूचं घड्याळ उलटं केलं आणि डोळे मिटले. सव्वासहा वाजले असतील. गुलाबाचा वास आला. फोन वाजला. पाच वेळा किणकिणून थांबला. तिने श्वास सोडला.

फोन पुन्हा वाजला.

प्रभावतीने डोळे उघडले. वाळू जेमतेम तळ झाकण्याइतकी पडली होती. समोरच्या भिंतीकडे बघत ती पाटावर बसून राहिली. स्वयंपाकघरातून ऐश्वर्याचा आवाज आला, "आई, हा आज थांबेचना."

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा प्रभावती उभी होती. पाट पायाने सरकला, वाळूचं घड्याळ आडवं झालं. चपला न घालता ती जिन्याकडे गेली आणि कठड्याला धरून उतरू लागली. तोंडाने पावलं मोजली जात होती, ते तिच्या ध्यानात नव्हतं. सत्तावीस. अठ्ठावीस.

पायरीवर, शटरला टेकून, आकाराम बसला होता. कुलपाच्या कडीत खोवलेली उदबत्ती अर्धी जळाली होती. अंगात अण्णांचा करडा स्वेटर, एवढ्या उकाड्यात, आणि कपाळावर घामाचे थेंब. डाव्या मनगटावर ते घड्याळ होतं.

"आकाराम?"

त्याने उठायचा प्रयत्न केला. "वैनी, तुमी कशाला आलासा खाली... जरा दम लागलाय. बसलोय निस्ता. जातो आता."

"हात दुखतोय? डावा?"

"सकाळधरनं. काल मोटर उचलली न्हवं एक, त्येचंच असंल." तो हसला, पण ओठ पांढरे पडले होते. "उदबत्ती लावाय आलतो. डिसेंबरपास्नं रोज येतो की. दुकान बंद असलं म्हनून काय झालं? तीस वर्सं हितं दिवा लागला, आता अंधार कसा ठेवायचा?"

"बोलू नकोस. हलू नकोस." तिने वर तोंड केलं. "ऐश्वर्या, गाडीची किल्ली घे. ये खाली."

तिचा आवाज इतका मोठा निघाला, की बोळाच्या तोंडाशी असलेला गुंडू न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. त्याने आणि ऐश्वर्याने मिळून आकारामला गाडीत बसवलं. प्रभावती मागच्या सीटवर त्याच्या शेजारी, अनवाणी. वाटेत तो पुटपुटत होता, "सायकल ऱ्हायली पायरीजवळ. कुलूप न्हाय तिला." ती म्हणाली, "गुंडू बघेल." त्याचा हात तिने हातात घेतला होता, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे ती बघत नव्हती.

दवाखान्यात त्याला लगेच आत नेलं. त्याच्या बायकोला, तानाबाईला, उचगावाहून यायला तास लागला. पावणेआठला एक तरुण डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणाली, "वेळेत आणलंत. आता बरे आहेत. दोन मिनिटं भेटा, जास्त बोलायला लावू नका." मग सवयीने तिने विचारलं, "त्रास होतोय हे कुणाच्या लक्षात आलं?"

प्रभावती तोवर आत शिरली होती.

आकाराम खाटेवर पडून छताकडे बघत होता. घड्याळ काढून उशाशी ठेवलेलं होतं. तिला बघताच त्याने ते पुढं सरकवलं.

"वैनी, हे तुमचं हाय. सूनबाईंनी कापडाचं गठुळं दिलं, त्यात स्वेटरच्या खिशात घावलं. दुसऱ्याच दिवशी आनून द्याला पायजे हुतं. मनगटावर घातलं, आन मग काढवंना. अण्णांचं म्हनून. चोरलं न्हाय मी."

"कोण म्हणतंय तसं?"

"तसं न्हवं, पर..."

ती खाटेच्या कडेला बसली. "रोज बटण दाबतोस ना याचं?"

"व्हय. अण्णा उदबत्ती लावायचं, बटन दाबायचं, मंग म्हनायचं वड शटर. रोजचं. मला वाटलं, कुलपाचंच असंल त्ये. दाबल्याबिगर दुकान बंद झाल्यागत वाटत न्हाय बगा."

प्रभावतीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. साडेतीन महिन्यांची गाठ सुटल्यासारखे तिचे खांदे खाली आले. म्हणजे एवढंच होतं. पायरीवर आकाराम, त्याचं बोट, त्याचे ठोके. तिने पदराने नाक पुसलं.

"बरं केलंस आज तीनदा दाबलंस ते."

आकारामने मान वळवली.

"आज? आज कुठलं दाबतोय वैनी. उदबत्ती खोवली आन हातच उचलंना. बटनापतुर गेलोच न्हाय मी."

तिचा पदर हातातच राहिला.

"आन दाबून तरी काय हुनार," तो म्हणाला, डोळे मिटत आले होते. "मेलंय त्ये. गठुळं घावल्यावर चार दीस चाललं, मंग काळं पडलं. नातीला दावलं, ती म्हनाली आज्या, ह्याची वायर लागतीय. आता तुमच्याकडं वायर मागाय कुठल्या तोंडानं येऊ? नोव्हेंबरातच बंद पडलंय की."

तिने घड्याळ उचललं. बटण दाबलं. पुन्हा दाबलं, धरून ठेवलं. काळ्या काचेत वरचा दिवा दिसला, आणि स्वतःचा चेहरा.

घरी पोचल्यावर ऐश्वर्या बाहेरच्या खोलीत ऋषभला फोन लावत बसली. प्रभावतीने पाय धुतले, फडताळाचा खण उघडला आणि चार्जर काढला. त्यावरचं रबर बोट लागताच तुटलं. वाळून कडक झालं होतं. तिने वायर लावून घड्याळ ओट्यावर ठेवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग काचेवर बारीक तांबडी रेघ उमटली, आणि शेजारी फोनने एकदाच, हलकी, किणकिण केली.

पडद्यावर आलं : घड्याळ जोडलं गेलं. याआधीची जोडणी, एकोणीस नोव्हेंबर.

तिने बोटाने पडदा वर सरकवला. मार्च कोरा होता. फेब्रुवारी कोरा होता. जानेवारी, डिसेंबर, कोरे. आज सव्वासहाचीही ओळ नव्हती. नोव्हेंबरात चार दिवसांचे ठोके होते, आणि त्याच्या आधी, पाच तारखेला, एक रेघ खाली उतरत जाऊन थांबली होती.

तिने मान वर केली. भिंतीवर कॅलेंडर होतं. ७३, ७०, ७१, ४९, ११८. तिचंच अक्षर.

"आई," ऐश्वर्या दारात आली. "ऋषभ परस्पर दवाखान्यात चाललेत. म्हणतायत, तुम्हाला वरून कसं काय कळलं?"

"फोन वाजला ना."

"हो, तो तर मीपण ऐकला."

"किती वेळा?"

"तीनदा."

प्रभावतीने फोन पालथा ठेवला. ओट्याच्या कडेवरून हात फिरवत ती म्हणाली, "त्या दिवशीपण तीनदाच वाजला होता. यांचा. मी गेले नाही खाली. मला वाटलं, भूक लागली असेल."

ऐश्वर्याने पुढं होऊन सासूच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

मग प्रभावतीने पिठाचा डबा खाली घेतला.

"आता? दिवस मावळून गेला की आई."

"माझ्यासाठी नाही. तानाबाई रात्रभर तिथं बसणार, तिच्या पोटात काही नको?"

तिने तवा ठेवला. चाळीस वर्षांत या वेळेला त्या तव्याखाली जाळ दिसला नव्हता. पहिली भाकरी फुगली तेव्हा ती उलथणं हातात धरून थांबली, कान फोनकडे देऊन. ओट्यावर घड्याळाची तांबडी रेघ हिरवी झाली होती. उद्या ते आकारामकडे जाणार होतं, वायरीसकट.

फोन वाजला नाही. तिने दुसरी भाकरी थापायला घेतली.